यंत्र दिलंत, आता विजेचं बिलही द्या

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईहून एखाद्या भल्या माणसाचा फोन येतो. "सिस्टर, आईच्या स्मरणार्थ ऑक्सिजनचं मशीन द्यायचंय. तुमच्या भोर-वेल्ह्याकडं गरजू कोण आहे?" मी म्हणते, "द्या, चांगलंच आहे. पण महिन्याचं विजेचं बिल कोण भरणार?" पलीकडचा माणूस अडखळतो. देणगीला नाट लावणारी बाई अशी माझी ख्याती झाली असेल तर असू दे. सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून उमेदीची वर्षं गेली, आता निवृत्त होऊन भोरात राहते. वेळवंड खोऱ्यातून, हिर्डोशीकडून, पार वेल्ह्याच्या अठरागाव मावळातून मला फोन येतात ते असे: मशीन शिट्टी मारतंय, नळीतून वारा येत नाही, आजी सकाळपासून डोळे उघडेना. यातल्या एकाही फोनला नवं मशीन हे उत्तर नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑक्सिजन हे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तो १९७९ पासून आहे. आधी फक्त भूल देताना लागतो म्हणून होता, २०१७ साली रक्तातला ऑक्सिजन कमी झालेल्या रुग्णासाठीचं औषध म्हणूनही त्याची नोंद झाली. औषध म्हटलं की मात्रा आली, दिवसातून किती तास ते आलं, कधी थांबवायचं ते आलं आणि लक्ष ठेवणारं माणूस आलं. आपण खोकं तेवढं पोहोचवलं आणि बाकीचं सगळं त्या घरातल्या सुनेवर सोडून मोकळे झालो.

हे खोकं आमच्याकडं आलं कसं ते आठवून बघा. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, पथकं दारोदार फिरली आणि बोटाला लावायची ती ऑक्सिमीटरची डबी वाड्यावस्त्यांवर पोहोचली. ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना एरवी कुणी तपासलं नसतं, त्यांची बोटं त्या डबीत गेली. ताप नाही, खोकला नेहमीचाच, करोनाची चाचणी कोरी, आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८६ टक्के. डबी बदलून बघावी, बोट चोळून बघावं, तरी ८६. वर आजोबांचं ऐका: "मला काय झालंय? चढाला दम लागतो, पर त्यो तर धा वरसं लागतुया." करोनाच्या यादीत बसत नाही म्हणून पथक पुढच्या घरी जायचं. माझ्या मते त्या मोहिमेत हाती लागलेली सगळ्यात मोलाची माहिती तीच होती. तिचं पुढं काही झालेलं माझ्या पाहण्यात नाही.

मग २०२१ चा एप्रिल आला. राज्याची स्वतःची ऑक्सिजननिर्मिती दिवसाला सुमारे साडेबाराशे टन आणि मागणी त्याच्याही पलीकडं गेलेली. १९ तारखेला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वे विशाखापट्टणमला निघाली. २१ तारखेला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली आणि त्या एका दुपारी २२ रुग्ण गेले. पुण्यात मराठा चेंबर आणि सोबतच्या संस्थांनी 'मिशन वायू' उभं केलं, सिंगापूरहून विमानानं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हीच हवेतून ऑक्सिजन काढणारी मशीनं, आले. कंपन्यांनी दिले, परदेशातल्या मराठी माणसांनी पाठवले. तेव्हा ते हवेच होते आणि त्या देणाऱ्यांना मी आजही हात जोडते.

त्याच काळात नंदुरबारचं नाव देशभर झालं. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी दुसरी लाट यायच्या आधीच हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लँट बसवून ठेवले होते. त्याच नंदुरबारात आणखी एक गोष्ट झाली, ती म्हणजे 'ऑक्सिजन नर्स'. कुणाला किती लिटर चाललाय, मास्क नीट बसलाय का, रुग्ण जेवायला बसलाय आणि इकडं वायू वाहतोच आहे का, हे वॉर्डभर फिरून पाहणारी परिचारिका. तिच्यामुळं ऑक्सिजन वाचला. प्लँटचे फोटो सगळीकडं छापून आले, नर्सचे त्या मानानं कमी. मी त्याच जातकुळीची, मला ते लागणारच.

लाट ओसरली आणि मशीनं उरली. काही दवाखान्यांच्या कपाटांवर गेली, काही पुढाऱ्यांच्या ओसरीवर. काही अशा घरांत राहिली की रुग्ण ठणठणीत होऊन खाचरात उतरला तरी 'असू दे, लागंल कधी' म्हणून मशीन कॉटखाली. काही मात्र योग्य माणसांपर्यंत पोहोचली, आणि माझं पुढचं सगळं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

भोर-वेल्हे हा भाताचा, पावसाचा आणि धुराचा मुलूख. पावसाळ्यात चार महिने सरपण ओलं, दार लावलेलं आणि घरात चूल. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतलं सिलिंडर पुष्कळ घरांत आलं, पण ते चहापुरतं आणि पाहुण्यापुरतं. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे कवळ, पालापाचोळा आणि शेण वाफ्यावर पसरून जाळायचं, की भाताच्या रोपांचा तरवा चांगला येतो. तो धूर सकाळी खोऱ्यात खाली बसलेला असतो. त्यात बिडी, त्यात तरुणपणी होऊन गेलेला क्षय. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की सीओपीडी हा फुप्फुसाचा जुनाट आजार बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्यांनाही मोठ्या प्रमाणात होतो, आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. आता घरात मशीन कुणाच्या वाट्याला येतं ते पाहा. बिडी ओढलेल्या बाप्याला मशीन मिळतं. चुलीपुढं जन्म गेलेल्या त्याच्या बायकोला आल्याचा काढा मिळतो. बाप्याला धाप लागली की तो घर डोक्यावर घेतो. बाई कामं हळू करायला लागते, एवढंच कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि तेही 'वय झालं' म्हणून.

मशीन मिळालं की पुढचा घोळ मात्रेचा. दम लागणं निराळं आणि रक्तात ऑक्सिजन कमी असणं निराळं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आकडा ९५ असलेल्या माणसालाही जीव घाबरा होईल अशी धाप लागते. त्याच्या श्वासनळ्या आवळलेल्या असतात, त्याला नियमित पंप लागतो, श्वासाचे व्यायाम लागतात. २०१६ साली अमेरिकेत ७३८ रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यांचा ऑक्सिजन बसल्या जागी जरासाच कमी होता किंवा फक्त चालताना उतरत होता. घरी ऑक्सिजन देऊन त्यांचं आयुष्य वाढलं नाही आणि दवाखान्याच्या फेऱ्याही कमी झाल्या नाहीत. पण आजार स्थिर असताना, स्वस्थ बसलेलं असतानाही ज्याचा आकडा ८८ किंवा त्याच्या खालीच राहतो, त्याला ऑक्सिजन खरोखर जगवतो. ब्रिटनमधला १९८१ चा अभ्यास फक्त ८७ रुग्णांचा होता. रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ जणांपैकी १९ पाच वर्षांत गेले, न घेणाऱ्या ४५ जणांपैकी ३० गेले. ऑक्सिजन सतत कमी राहिला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आखडतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, पायांवर सूज चढते. अर्धा तास नळी लावून 'बरं वाटलं' म्हणून काढून ठेवली तर त्या हृदयाच्या पदरात काही पडत नाही.

आमच्याकडं नेमकं तेच चालतं. "दम लागला की लावतो." "चारचौघांत नळी घालून बसायला लाज वाटती." १५ तास म्हणजे काही तुरुंग नव्हे. रात्रीची झोप, दुपारी जेवण झाल्यावरचं पडणं आणि संध्याकाळची टीव्हीवरची मालिका एवढ्यात ते भरतात. २०२४ साली स्वीडनमधल्या अभ्यासात २४ तास घेणाऱ्यांना १५ तासवाल्यांपेक्षा अधिक फायदा दिसला नाही. तेव्हा आजींनी नळी काढून अंगणात तुळशीला पाणी घालायला खुशाल जावं. दवाखान्यातून घरी सोडताना लावून दिलेला ऑक्सिजन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचा असतो, कारण तोवर पुष्कळांची गरज संपलेली असते. हे कुणी सांगत नाही आणि मशीन कॉटखाली जातं ते असं.

आणि जास्त झाला तर? इथं मी जरा थांबणार आहे, कारण या एका गोष्टीनं माणूस जातो आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. जुनाट सीओपीडीच्या काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आधीच साठलेला असतो. त्यांच्या फुप्फुसानं आपल्यापुरती एक सोय लावून घेतलेली असते: जिकडं हवा पोहोचत नाही तिकडच्या रक्तवाहिन्या आखडून रक्त बऱ्या भागाकडं वळवायचं. वरून मिनिटाला पाच-सहा लिटरनं ऑक्सिजन सोडला की ती सोय मोडते आणि कार्बन डायऑक्साइड चढायला लागतो. रुग्ण आधी डोकं दुखतं म्हणतो, मग गुंगतो. घरचे म्हणतात, किती दिवसांनी शांत झोप लागली बघा. बोटावरचा आकडा ९९, म्हणजे सगळं छान. टास्मानियातला ४०५ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ॲम्ब्युलन्समध्ये ज्यांना सरसकट भरपूर ऑक्सिजन दिला त्यांच्यातले ९ टक्के दगावले. ज्यांचा आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान राखून बेतानं दिला त्यांच्यातले ४ टक्के. म्हणून अशा रुग्णाला साधारण एक-दोन लिटर आणि आकडा ८८ ते ९२, एवढंच धोरण. हे सांगितलं की घरातला शिकलेला जावई माझ्याकडं संशयानं बघतो. करोनात ९४ च्या खाली गेलं की पळापळ करायला आम्हीच शिकवलं, आणि आता ही बाई ९० पुरे म्हणते! दोन्ही खरं आहे, रुग्ण निराळा आहे. कुणाला कोणता नियम लावायचा ते नक्की करायला मनगटातल्या धमनीचं रक्त तपासावं लागतं. मला माहीत असलेले रुग्ण त्यासाठी पन्नास-साठ किलोमीटरवरचं पुणं गाठतात, किंवा गाठतच नाहीत. डबीवर किती विसंबायचं तेही कळलं पाहिजे. लावणीच्या दिवसांत चिखलपाण्यानं गार पडलेलं बोट असलं, नखावर रंग असला की आकडा चुकतो. सावळ्या कातडीवर डबी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, हेही २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं.

आता बिलाकडं येते. पाच लिटरचं घरगुती कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे वॉटच्या आसपास वीज खातं. १५ तास चाललं तर दिवसाला सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. वस्तीवरच्या घराचं एरवी पन्नास-साठ युनिटांत भागतं. मशीन आलं की घर शंभर युनिटांचा टप्पा ओलांडतं, आणि त्यापुढच्या युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट आहे. बिल दीड हजारानं तरी वाढतं. श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धाला महिन्याला १५०० रुपये मिळतात. सरकार आजींच्या खात्यात घालतं ते आजींचा श्वास मीटरमध्ये भरतो. मग घरात हिशेब सुरू होतो. कुणी दुष्ट नसतं. मुलगा शिरवळला कंपनीत कंत्राटावर, सून खाचरात. पहिलं बिल आलं की १५ तासांचे ८ होतात, दुसरं आलं की 'लागंल तसं'. वेळवंड खोऱ्यातल्या एका आजींनी मला कानात सांगितलं, "बाई, पोराचा डोळा लागला की मी आपली रातच्याला बंद करते. त्याला बिलाचा घोर नको." हा डोस कुठल्या डॉक्टरनं लिहून दिलेला नाही, मीटरनं दिलाय.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला राज्य सरकार एप्रिल २०२४ पासून मोफत वीज देतं. चांगलं करतं. आमच्या आजींचं मशीन अर्ध्या अश्वशक्तीचंही नाही. ब्रिटनमध्ये घरी कॉन्सन्ट्रेटर असलेल्या रुग्णाला त्याच्या विजेचे पैसे परत मिळतात. ऑस्ट्रेलियात अशा घरांची नोंद वीज कंपनीला ठेवावी लागते आणि ठरवून वीज बंद करायची तर आधी कळवावं लागतं. आपल्याकडं असं काही मागितलं की लोक हसतात. आमच्याच मुलखात भाटघरचं धरण १९२८ पासून उभं आहे. त्याच्या, पानशेतच्या आणि वरसगावच्या पायथ्याशी वीज तयार होते. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांच्या नातवंडांनी आजीच्या श्वासापुरती वीज मागितली तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

वीज परवडली तरी ती असायला हवी. जुलैत झाड पडतं, तार तुटते आणि पासली-केळदकडं दोन-दोन दिवस अंधार. वेल्हे तालुक्याचं नाव कागदावर आता राजगड झालं. खांब तेच आहेत. साधा इन्व्हर्टर हे मशीन चार तास कसंबसं ओढतो. 'बी' प्रकारच्या टाकीत १५०० लिटर ऑक्सिजन असतो, दोन लिटरनं सोडला तर साडेबारा तास. जंबो टाकी ७००० लिटरची, ती दोन दिवस काढते आणि वर थोडी उरते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रानं टाकीतल्या ऑक्सिजनला घनमीटरमागं २५.७१ रुपये असा कमाल दर ठरवून दिला होता. त्या हिशेबानं जंबोतल्या वायूची किंमत १८० रुपये. महाग पडतो तो टेम्पो.

मशीनच्या पोटात झिओलाइटचे खडे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन पुढं सोडतात. या खड्यांचा वैरी ओलावा. तोरण्याच्या पायथ्याला पावसाळाभर बंद पडून राहिलेलं मशीन दसऱ्याला सुरू केलं तर दिवा लागतो, घरघर तीच, नळीतून वाराही येतो, आणि त्यात ऑक्सिजन किती ते देवाला ठाऊक. शुद्धता मोजायचं साधन हातात मावेल एवढं असतं, पण ते घेऊन वस्तीवर आलेला मेकॅनिक मला अजून भेटायचाय. शिवाय मशीन घरातलीच हवा ओढतं. चुलीशेजारी ठेवलेल्या मशीनचा फिल्टर मी काढून दाखवला तर सून म्हणाली, "अगं बाई, हे तव्याच्या बुडासारखं झालंय की!" त्या खोलीत चूल, देवघरात दिवा आणि माळ्यावर आजोबांनी लपवलेली बिडी. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला असा भडकवतो की नळी लावून बिडी शिलगावणाऱ्याचं तोंड भाजून निघतं.

रायरेश्वरच्या पठारावर अजून माणसं राहतात, लोखंडी शिडी चढून घरी जातात. उंची साधारण साडेचार हजार फूट. तिथं हवेचा दाब कमी, त्यामुळं श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रकिनाऱ्याच्या मानानं पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. पण भोरच्या दवाखान्यात ९० दाखवणारा सीओपीडीचा रुग्ण वर घरी पोहोचला की ९० राहत नाही. त्याची गरज खाली बसून ठरवता येत नाही, कुणीतरी डबी घेऊन शिडी चढावी लागते. परिचारिका घरी पाठवायला हवी ती म्हणूनच.

डॉक्टर मंडळींतले काही जण म्हणतात, घरी ऑक्सिजन देण्यावर पैसे घालवण्यापेक्षा चूल हटवा. चूल हटवाच. पण ज्या बाईचं फुप्फुस चाळीस वर्षांत गेलं तिला नव्या शेगडीनं काय मिळणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'नं नेमलेल्या आयोगानं सांगितलं की जगात वर्षाला ३७ कोटींहून अधिक लोकांना वैद्यकीय ऑक्सिजन लागतो. त्यातले ९० लाखांवर सीओपीडीचे, घरी दीर्घकाळ ऑक्सिजन लागणारे. आपल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दवाखान्यात दाखल झाल्यावरचे उपचार बसतात. घरी सोडल्यावर रोज १५ तास लागणारं औषध बसत नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना त्यांच्या आरोग्य योजनेतून परवानगी घेऊन कॉन्सन्ट्रेटर मिळतो. म्हणजे तत्त्व मान्य आहे, फक्त ते भाताच्या खाचरापर्यंत आलेलं नाही.

याची सुरुवात करायला मोठा निधीही लागत नाही. आशाताईंकडं तीस वर्षांवरच्या माणसांचा एक फॉर्म असतो, 'सीबॅक' म्हणतात त्याला. स्वयंपाकाला इंधन कोणतं आणि धाप लागते का, हे प्रश्न त्यात छापलेलेच आहेत. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ पासून सीओपीडी आणि दमाही आले. त्या फॉर्मांतून दोन्ही तालुक्यांची यादी काढा, त्या माणसांची बोटं डबीत घाला, ज्यांचा आकडा खाली राहतो त्यांना भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरल्या वारी बोलावून धमनीचं रक्त तिथंच तपासा. एक परिचारिका नेमा, तिला पेट्रोलचा भत्ता आणि शुद्धता मोजायचं यंत्र द्या. कॉटखालची, कपाटावरची मशीनं गोळा करून दुरुस्त करा आणि गरज असेल तोवरच द्या. ती सांभाळायला माणसं हवीत तर ज्ञान प्रबोधिनीनं या खोऱ्यांत वर्षानुवर्षं बचत गट चालवलेत, त्या बायकांना हिशेब ठेवता येतो. पावसाळ्याच्या आधी प्रत्येक खोऱ्यात एका ठिकाणी भरलेल्या जंबो टाक्या ठेवा. या घरांची यादी महावितरणकडं असू द्या आणि वीज नियामक आयोगानं मशीनची युनिटं वेगळी काढून त्यांना सवलत द्यावी. आमदार-खासदारांनी मशीनवाटपाचा कार्यक्रम घेण्याऐवजी यासाठी एक पत्र लिहिलं तरी पुष्कळ झालं.

देणगीदारांना माझं मागणं तेच राहील. मशीन देणार असाल तर सोबत तीन वर्षांचं बिल आणि दुरुस्तीचे पैसे द्या, नाहीतर आहे त्या मशीनचं बिल भरा. तिथं आईचं नाव लावायला पत्र्याची पाटी मिळणार नाही, एवढाच तोटा.

ज्यांच्या घरात मशीन चालू आहे त्यांनी डॉक्टरांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: किती लिटर, किती तास, आकडा किती ते किती. बाटलीत उकळून गार केलेलं पाणी रोज बदलून घालावं, फिल्टर आठवड्याला धुवावा, मशीन चुलीच्या खोलीतून बाहेर काढावं. माणूस गुंगायला लागला, हाक मारून उठेना, तर लिटर वाढवू नका आणि नळी एकदम काढूही नका; १०८ ला फोन करा आणि सीओपीडीचा रुग्ण आहे हे आधी सांगा. आणि कॉटखाली न लागणारं मशीन पडून असेल तर ते पावसाळ्याच्या आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात आणून द्या.